रंगीत फितींच्या आड

औषधसंशोधनावरचा सचित्र लेख उघडावा, तर प्रथिनाचे चित्र बहुधा ठरलेलेच असते : पिळदार रंगीत फिती, बाणासारखे चपटे पट्टे आणि मधल्या खोबणीत ऐटीत बसलेला औषधाचा रेणू. ही चित्रभाषा रूढ केली जेन रिचर्डसन यांनी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ लेखातली चित्रे हाताने काढलेली होती. हजारो अणूंच्या गर्दीतून साखळीची घडी कशी पडते, हे त्या फितींमुळे एका नजरेत कळू लागले. त्यांचे मोल मी कमी मानत नाही. माझा आक्षेप आहे तो हेच चित्र औषधाच्या आराखड्यासाठी पुरावा म्हणून पुढे केले जाते त्याला.

फीत दाखवते साखळीचा कणा. खोबणीचा आकार बहुतांशी ठरवतात त्या बाजूला फुटलेल्या साखळ्या आणि तिथे अडकलेले पाण्याचे रेणू. फितीच्या चित्रात ते गाळलेले असतात. शिवाय क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनेत प्रत्येक अणूच्या जागेसोबत ‘तापमान गुणांक’ नावाचा आकडा नोंदलेला असतो. तो मोठा असेल तर अणूची जागा धूसर आहे असे समजावे. फीत मात्र पक्का भाग आणि धूसर भाग सारख्याच तुकतुकीतपणे रंगवते. (छपाईचा कागद गुळगुळीत असला की विचारूच नका.)

रक्ताच्या कर्करोगावरचे इमॅटिनिब घ्या. एबीएल या विकराच्या निष्क्रिय घडीला ते चिकटते, हे स्फटिकरचनेतून २००० साली स्पष्ट झाले. तोवर रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झालेल्या होत्या; औषध आधी, चित्र मागून. विकराची फक्त सक्रिय घडी पडद्यावर ठेवून बसणाऱ्याला ती खोबणी दिसलीच नसती.

याउलट मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेला आलेख पाहा. दोन कोन, दोन अक्ष आणि ठिपके. देखणेपण शून्य, पण निषिद्ध भागात ठिपके पडले की रचना पुन्हा तपासावी लागते. चित्राने स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी, ही अपेक्षा इथे पुरी होते.

अल्फाफोल्डच्या २०२१च्या संग्रहात खात्रीचा भाग निळा आणि बेभरवशाचा नारिंगी दिसतो. ही सुधारणा मला मोलाची वाटते. मात्र तो निळा रंग साखळीच्या घडीपुरता आहे. त्या खोबणीत कोणता रेणू बसेल आणि तो बसताना खोबणी किती सरकेल, याची हमी त्यात नाही.