नाटक मंडळीचा नवा गायक

एखाद्या जुन्या संगीत मंडळीचा प्रमुख गायक निवर्तला किंवा मंडळी सोडून गेला, म्हणजे रसिकांत तत्काळ दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, मंडळी संपली. आता उरले ते केवळ पडदे आणि पेट्या. दुसरा म्हणतो, नवा गायक हुबेहूब जुन्यासारखा गातो, तेव्हा काळजीचे कारण नाही. हे दोन्ही पक्ष वरवर परस्परविरोधी दिसले, तरी त्यांची चूक एकच आहे. नव्या गायकाला दोघेही जुन्याच्या मापाने मोजतात. प्रस्तुत लेखक पुष्कळ वर्षे यांपैकी पहिल्या पक्षात होता. तो पक्ष सोडण्याची पाळी त्याच्यावर कशी आली, आणि आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहास या बाबतीत काय सांगतो, हे येथे मांडावयाचे आहे.

भंडारा जिल्ह्यात दिवाळी आटोपली, धानाची कापणी सुरू झाली, की गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेले असते. झाडीपट्टीची ही रंगभूमी शहरी रसिकांच्या फारशी परिचयाची नाही. पण रात्रभर चालणारे संगीत नाटक आजही तिकीट काढून हजारो लोक पाहतात असा मुलूख महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल. तिचे एक ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनी तिची थोडी दखल घेतली. अशाच एका मंडईला काही वर्षांपूर्वी मी गेलो होतो. ज्या मंडळीचे नाटक होते, तिचा वीस-पंचवीस वर्षांचा गायक नट गळ्याच्या विकाराने नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी एक तरुण उभा राहणार होता. मी आधीच निकाल देऊन बसलो होतो. पहिल्या अंकात त्या तरुणाने जुन्या गायकाचे गाजलेले पद त्याच्याच हरकतींसह, त्याच्यासारखाच हात उचलून म्हटले. मंडप थंड राहिला. दुसऱ्या अंकात मात्र त्याने स्वतःसाठी रचलेले एक साधे पद आपल्या गळ्याला रुचेल त्या पट्टीत म्हटले, आणि लोकांनी ते तीनदा म्हणवून घेतले. मी शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याजवळ जुन्या गायकाची आठवण काढताच तो म्हणाला, ‘‘गेला तो गेला जी. आता हा हाये, त याचंच आयका.’’ तीस वर्षे साहित्यविचार शिकवूनही मला जे उमगले नव्हते, ते या गृहस्थाने एका वाक्यात सांगितले. घरी परतताना मला आपल्या मराठी रंगभूमीचे दाखले एकामागून एक आठवू लागले.

पहिला दाखला अर्थातच किर्लोस्कर नाटक मंडळीचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे तिचे पहिले गवई. पुढे १८८२ साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि ‘सौभद्रा’तील सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावले. १८८५ साली अण्णासाहेब गेले. तथापि मंडळी टिकली, कारण भाऊराव होते. प्रेक्षक प्रेमाने ज्याला ‘भावड्या’ म्हणत, त्याच्या उंच, पहाडी आवाजावर ‘मृच्छकटिक’ उभे राहिले, ‘शारदा’ उभे राहिले. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी तो आवाज बंद पडला. भाऊरावांचे वय तेव्हा अवघे सदतीस-अडतीस वर्षांचे होते.

यानंतर मंडळी संपली असती, तर त्यात कुणाला नवल वाटले नसते. पण ती संपली नाही. नानासाहेब जोगळेकर आणि शंकरराव मुजुमदार यांनी ती नेटाने चालविली, आणि १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा तिच्यात दाखल झाला. बालगंधर्वांचा आवाज भाऊरावांसारखा नव्हता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्यात डोंगरावरून साद घालणारा जोर नव्हता. मार्दव होते, लाडिकपणा होता, श्रोत्याच्या जवळ येऊन बोलण्याची किमया होती. मंडळीने प्रथम जुन्याच नाटकांत त्यांना उभे केले आणि ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ यांच्या पुण्याईवर लोकांनी नव्या गळ्याशी ओळख करून घेतली. परंतु बालगंधर्व हे बालगंधर्व म्हणून पुरते प्रकटले ते १२ मार्च १९११ रोजी, ‘मानापमाना’त. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नवे नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या नव्या चाली, आणि त्या चाली भामिनीच्या गळ्यासाठीच घडविलेल्या. अण्णासाहेबांच्या नाटकांत साकी, दिंडी, कामदा आणि कीर्तनी वळणाची पदे ओळीने येत. टेंब्यांनी पूरबी ठुमरी-गझलेची नजाकत आणली आणि एकेका पदाला विस्तारावयास जागा दिली. जुन्या चाली नव्या गळ्यात कोंबण्यापेक्षा नव्या गळ्यासाठी नव्या चाली शोधणे, हेच किर्लोस्कर मंडळीच्या या दुसऱ्या यौवनाचे रहस्य होय.

दुसरा दाखला याच मंडळीचा, पण उलट बाजूचा आहे. १९११ सालीच जोगळेकर वारले, मंडळीतील एकोपा सुटला, आणि १९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. एकाच वेळी नायिका, कसलेला नट आणि संगीतकार गेला. असा घाव क्वचित एखादी संस्था सोसते. तरीही किर्लोस्कर मंडळीने पुनश्च एक रत्न हुडकून काढले. गोव्यातील मंगेशीचा दीनानाथ मंगेशकर हा कोवळा मुलगा तिच्या रंगभूमीवर तळपू लागला. दीनानाथांचा गळा बालगंधर्वांच्या अगदी विरुद्ध प्रकृतीचा; तेथे आर्जवाऐवजी तेज होते, चमकून जाणारी तान होती. गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ याच काळात, १९१६ साली, मंडळीने रंगभूमीवर आणले. पण १९१८ साली दीनानाथही गेले. चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापिली. पुढे १९२७ साली अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’त, वझेबुवांच्या चालींवर, त्या गळ्याला त्याचे खरे नाटक मिळाले. तोवर तो गळा किर्लोस्करांचा राहिला नव्हता. गायक शोधण्याची दृष्टी या मंडळीपाशी अखेरपर्यंत होती. गायकाला आपले घर वाटेल अशी जागा देण्याचे सामर्थ्य मात्र पुढे उरले नाही. पाच वर्षांत दोन गायक हातचे जाणे, याला केवळ दैवाचा खेळ म्हणून चालणार नाही.

तिसरा दाखला मला सर्वांत उद्बोधक वाटतो. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस ललितकलादर्श मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. त्या प्रयोगाच्या आठवणी आजही कानोकानी सांगितल्या जातात. आणि पुढे तीन महिने झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर रोजी, केवळ एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. जाताना त्यांनी मंडळी बापूराव पेंढारकरांच्या स्वाधीन केली. बापूरावांपुढे सोपा मार्ग होता. केशवरावांच्या भूमिका, केशवरावांची पदे आणि केशवरावांच्या नावाचा गजर यांवर आणखी दहा वर्षे सहज निघाली असती. त्यांनी तसे केले नाही. मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ त्यांनी १९२२ साली रंगभूमीवर आणले, पौराणिक दरबाराच्या जागी चालू काळातील घर आणि माणसे आली, चित्रकार पु. श्री. काळे यांच्या देखाव्यांनी रंगमंचाला वास्तवाचे रूप दिले. केशवरावांचा गळा दुर्मिळ होता, तो बापूरावांपाशी नव्हता. म्हणून त्यांनी मंडळीचा सारा भार गळ्यावरून उतरवून नाटकावर ठेवला. १९३७ साली बापूराव गेल्यावर काही काळ खंड पडला; मग त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळी पुन्हा उभी केली आणि ‘दुरितांचे तिमिर जावो’ (१९५७), ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) अशी आपल्या काळाची नाटके तिला दिली. तीन गायक, तीन गळे, तीन प्रकारची नाटके. पण मंडळी एकच.

माझे विद्यार्थी मला सांगतात की, हा प्रश्न पाश्चात्त्यांच्या रॉक नावाच्या संगीतातही तितकाच जिवंत आहे. त्यांनी दिलेली दोन उदाहरणे मी मुद्दाम पडताळून पाहिली. ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बलसारा. पारशी कुळातला, शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झालेला. १९९१ साली तो वारला. २०११ पासून त्याच्या जुन्या साथीदारांबरोबर ॲडम लँबर्ट हा अमेरिकन गायक गातो. पण मंडळीच्या नावापुढे अधिकचे चिन्ह घालून लँबर्टचे नाव लिहितात. मर्क्युरीची जागा त्याने घेतलेली नाही. तो तिच्याशेजारी उभा आहे, असा त्या चिन्हाचा अर्थ. हा प्रामाणिकपणा मला स्तुत्य वाटतो. मात्र या जोडीने नव्या गीतांचा संग्रह काढलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. उलट ‘एसी/डीसी’ या ऑस्ट्रेलियन मंडळीचा गायक बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याच वर्षी ब्रायन जॉन्सन या नव्या गायकासह तिने ‘बॅक इन ब्लॅक’ हा संग्रह काढला. वेष्टन सुतकाचे, संपूर्ण काळे. आत सगळी गाणी नवी. हे संगीत माझ्या कानाला मानवत नाही, हे कबूल करतो. पण शोक आणि नवनिर्मिती एकाच वेळी कशी करावी, हे त्या मंडळीला बापूरावांइतकेच नेमके समजले होते.

यावर असा आक्षेप येईल की, मग जुन्या पदांनी काय करावे? लोक ती ऐकावयास येतात. ती वगळली तर मंडळीचे नावच कशाला ठेवावयाचे? आक्षेप रास्त आहे. ‘सौभद्रा’ची पदे भाऊरावांनंतरही गायली गेली आणि गायली जावीत. परंतु पद गाणे वेगळे आणि गायकाची लकब गाणे वेगळे. पद ही सर्वांची मिळकत. लकब ज्याची त्याच्याबरोबर जाते. बालगंधर्वांच्या पश्चात आपल्या नाट्यसंगीतात जी मरगळ आली, तिची कारणे अनेक असतील. बोलपट हे त्यांतले मोठे कारण, यात शंका नाही. पण बालगंधर्वांच्या मुरकीची मुरकी आणि दमसासाचा दमसास काढून दाखविणाऱ्या गायकांची जी रांग पुढे लागली, तिनेही थोडे नुकसान केले नाही. स्वतः बालगंधर्वांनी भाऊरावांची नक्कल केली असती, तर त्यांचे अनुकरण करावे असे त्यांच्यापाशी काय उरले असते?

म्हणून नव्या गायकाची पारख करताना समीक्षकाने दोन प्रश्न विचारावेत. मंडळीने त्याला त्याच्या गळ्याचे पद दिले आहे काय? आणि ते पद त्याने दुसऱ्या कोणाची आठवण न करविता म्हटले काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर मंडळी जिवंत आहे, मग तिचा मूळ पुरुष जाऊन शंभर वर्षे का लोटलेली असेनात. ते नकारार्थी असेल, तर साऱ्या पडद्यांवर जुन्या गायकाचे नाव सोन्याने लिहिले तरी उपयोग नाही.

त्या मंडईच्या रात्री मी आणि तो वृद्ध शेतकरी शेवटपर्यंत बसलो होतो. भैरवी झाली तेव्हा धानाच्या बांध्यांवर दव उतरले होते आणि पूर्वेला फटफटत होते. तो तरुण चेहऱ्याचा रंग पुसत मंडपाबाहेर आला, तेव्हा त्या वृद्धाने त्याला थांबवून दुसऱ्या अंकातले ते पद पुढच्या वर्षीही असेल ना, एवढेच विचारले. जुन्या गायकाचे नाव त्याने काढले नाही. मीही काढले नाही.