धीर धरणे, धीर देणे : ख्रिस्ती युगान्त-वाङ्मयातील आशेचे स्वरूप

युगान्ताची भीती हा अनेक वाङ्मयपरंपरांना समान असलेला विषय आहे. भारतीय परंपरेतील प्रलय हा कालचक्रातील एक टप्पा असतो. त्याच्या पलीकडे पुन्हा सृष्टी असते. ख्रिस्ती परंपरेतील अंत मात्र एकदाच यावयाचा आहे. साहजिकच तेथे भीतीची धार अधिक आहे आणि त्या भीतीला द्यावयाच्या उत्तराची निकडही अधिक आहे. हे उत्तर ‘आशा’ या एका शब्दात सांगण्याची प्रथा आहे. परंतु नव्या करारातील अखेरच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाची मूळ ग्रीक संहिता पाहिली, तर तीत ‘एल्पिस’ म्हणजे आशा हा शब्द एकदाही येत नाही. ‘हुपोमोने’ हा शब्द मात्र सात वेळा येतो. या विषम प्रमाणात ख्रिस्ती आशेच्या स्वरूपाचा एक महत्त्वाचा धागा आहे.

‘हुपोमोने’ याचा व्युत्पत्त्यर्थ ‘खाली टिकून राहणे’ असा आहे. ओझे खांद्यावर असताना जागा न सोडणे हा त्याचा गाभा. सात उल्लेखांपैकी पहिल्यात पात्म बेटावरील योहान स्वतःला श्रोत्यांच्या संकटातील आणि या टिकून राहण्यातील भागीदार म्हणवितो. पुढील चार उल्लेख आशिया मायनरमधील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत आहेत. उरलेले दोन श्वापदाच्या सत्तेच्या भयंकर वर्णनाला जोडून येतात. तेथे कथन क्षणभर थांबते आणि श्रोत्यांना उद्देशून सांगितले जाते की, टिकून राहण्याची गरज आहे ती येथेच. बहुसंख्य अभ्यासक हा ग्रंथ रोमन सम्राट डोमिशियनच्या (इ.स. 81-96) कारकिर्दीच्या अखेरीचा मानतात. भविष्याचे वेळापत्रक म्हणून तो वाचणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते : त्याची चौकट पत्राची आहे. इफिस, स्मुर्णा, सार्दीस अशा ठावठिकाणा असलेल्या माणसांशी तो बोलतो.

पत्र हा वाङ्मयप्रकार येथे योगायोगाने आलेला नाही. नव्या करारातील सर्वांत जुना लेख म्हणून सामान्यतः मान्यता पावलेले, सुमारे इ.स. 50-51 मधील थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र याच प्रश्नाभोवती फिरते. प्रभूच्या पुनरागमनाआधीच मरण पावलेल्या आप्तांचे काय होणार, या चिंतेने तेथील मंडळी व्याकूळ झाली होती. पौल तिथी सांगण्याचे टाळतो. तो दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा असेल, एवढेच म्हणतो. मात्र स्वतःच्या हातांनी काम करीत राहा, हे तो आवर्जून सांगतो. ज्याच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत अशा दुसऱ्या पत्रात, तो दिवस येऊन ठेपला या वार्तेने मंडळी हादरलेली दिसते. काही जण कामधंदा सोडून बसल्याची नोंदही त्याच पत्रात आहे आणि काम न करणाऱ्याने खाऊही नये, असा कठोर नियम तेथे घातला आहे. भीतीवर तोडगा म्हणून आलेली ही आज्ञा अगदी रोजच्या जगण्यातली आहे.

मराठी भाषांतरांत ‘हुपोमोने’साठी अनेक ठिकाणी ‘धीर’ हा शब्द येतो. मूळ शब्दातील ओझ्याची प्रतिमा त्यात हरवते, हे खरे. पण मराठीने त्याची भरपाई दुसऱ्या बाजूने केली आहे. मराठीत धीर धरता येतो, तसाच तो दुसऱ्याला देताही येतो. तो सुटतो, खचतो आणि कोणीतरी पाठीवर हात ठेवला की परतही येतो. पौलाच्या पहिल्या पत्रातील युगान्तविषयक विवेचनाचे दोन्ही भाग ‘एकमेकांना धीर द्या’ अशा आशयाच्या आवाहनाने संपतात. तेथील ग्रीक क्रियापद वेगळे आहे. एकट्याने धरावयाचा आणि परस्परांना द्यावयाचा असे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दाभोवती गोळा होतात. भाषांतराने मूळ संहितेतील एक संबंध उजळ व्हावा, याचे हे चांगले उदाहरण ठरते.

‘आशा’ या शब्दाची अडचण निराळी आहे. मराठी संतवाङ्मयात आशा ही बहुधा तृष्णा आणि वासना यांच्या पंगतीला बसते. तिचा पाश तोडावयाचा असतो. ख्रिस्ती परंपरेत मात्र विश्वास आणि प्रीती यांच्यासह ती तीन मूलभूत सद्गुणांत गणली जाते. त्यामुळे मराठी ख्रिस्ती लेखकाला बंधनवाचक शब्दाकडून मुक्तीचे काम करवून घ्यावे लागते. त्याला जवळचा आधार भक्तिपरंपरेतीलच ‘आस’ या शब्दात सापडू शकतो. भेटीची आस वाट पाहावयास लावते, पण तिथी मागत नाही.

तिथी मागितली की काय होते, हे अमेरिकेतील 1844च्या घटनेवरून दिसते. विल्यम मिलर या बाप्तिस्त शेतकऱ्याने दानीएलच्या ग्रंथावरून गणित मांडले आणि त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस निश्चित केला. काहींनी उभी पिके कापलीच नाहीत. तो दिवस उजाडला आणि मावळलाही. गणित फसले तरी युगान्ताची कल्पना बाद होत नाही, हे फ्रँक कर्मोड यांनी 1967 मधील ‘द सेन्स ऑफ अ‍ॅन एंडिंग’मध्ये मार्मिकपणे दाखविले आहे. परंतु न कापलेल्या पिकाचा प्रश्न थेस्सलनीकातीलच आहे. तिथीवर टेकलेली आशा हात थांबविते.

या आशेवर गंभीर आक्षेपही आहे. डी. एच. लॉरेन्स यांनी मृत्यूनंतर 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अपोकॅलिप्स’ या पुस्तकात ‘प्रकटीकरणा’मागे दुर्बळांची सत्ताकांक्षा आणि सूडबुद्धी पाहिली. अग्निसरोवराची वर्णने वाचता हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. तथापि त्याच ग्रंथाच्या अखेरीस कधीही न मिटणाऱ्या वेशींचे नगर आहे आणि राष्ट्रांच्या आरोग्यासाठी उपयोगी पडणारी झाडाची पाने आहेत. सूड आणि उपचार हे दोन्ही स्वर संहितेत आहेत. कोणता स्वर मोठा करावयाचा, याची नैतिक जबाबदारी वाचकावर राहते.

मराठीत ही जबाबदारी पंडिता रमाबाईंच्या कार्यात मूर्त झालेली दिसते. 1896-97चा दुष्काळ आणि त्यामागोमाग आलेली पुण्यातील प्लेगची साथ, हा अंतकाळाच्या भाकितांना पोषक काळ होता. रमाबाईंनी त्या काळात दुष्काळग्रस्त मुलींना आश्रय दिला आणि केडगावी मुक्तिसदन उभे केले. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि एप्रिल 1922 मधील निधनापूर्वी ते पुरे केले. छापलेला ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. तो त्यांना पाहता आला नाही. हुपोमोनेचा अर्थ कोशापेक्षा या कामात अधिक स्पष्ट होतो. अंत केव्हा येईल हे ठाऊक नसताना पुढचे पान भाषांतरित करणे आणि दारी आलेल्या मुलीला धीर देणे, या दोन कृतींत ख्रिस्ती आशेचे व्याकरण सामावले आहे.