स्का: आनंदी म्हणवलेलं संगीत

मागच्या वेळी आपण किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमपाशी थांबलो होतो: भलेमोठे स्पीकर, रेकॉर्डी आणि रस्त्यावरचा नाच. आज तिथूनच पुढे जाऊ.

स्काबद्दल एक वाक्य हमखास वाचायला मिळतं. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वातंत्र्य झाला आणि त्या आनंदातून हे संगीत जन्मलं. आम्हाला ते पटत नाही. त्याच्या आधीच, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस, नाचाला चालतील अशा अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या नव्या रेकॉर्डी मिळेनाशा झाल्या होत्या. मग ड्यूक रीड, कॉक्सन डॉड, प्रिन्स बस्टर यांनी गावातलेच वादक गोळा करून स्वतःच्या रेकॉर्डी काढल्या. धंद्याची गरज होती, बरं का.

ठेका सोपा आहे. 'एक आणि दोन आणि' असं मोजा, टाळी आकड्यावर द्या. गिटार आणि पियानो वाजतात ते त्या 'आणि'वर. पाय आपोआप उचलले जातात, म्हणून आपण म्हणतो, आनंदी संगीत. पण त्यावर वाजणारी ब्रास ऐका! डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन मायनर स्केलमध्ये उतरतो तेव्हा नाचता नाचता काहीतरी टोचतं. हा माणूस अल्फा बॉईज स्कूलचा. गरीब मुलांसाठी कॅथलिक जोगिणींनी चालवलेली शाळा, तिथल्या बँडनं जमैकाला निम्मे वादक दिले म्हटलं तरी चालेल. १९६४ मध्ये तो, टॉमी मकूक वगैरे मंडळी 'स्कॅटलाइट्स' म्हणून एकत्र आली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सरकारनं स्का पाठवला, पण बँड नेला बायरन लीचा, म्हणजे हॉटेलांत आणि बड्या घरच्या पार्ट्यांत वाजवणारा. देशाचा चेहरा म्हणून तोच बरा दिसला असणार. 'आनंदी' हे लेबल आमच्या मते इथे पक्कं झालं.

१९६५ च्या जानेवारीत ड्रमंडनं आपल्या जोडीदारणीचा, मार्गारिटा महफूदचा, खून केला. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली, तिथेच १९६९ मध्ये तो गेला. समीक्षक इथे 'शापित प्रतिभावंत' वगैरे लिहितात आणि ती बाई तळटीप होते. ती स्वतः नावाजलेली नर्तकी होती, तिनं गाणंही रेकॉर्ड केलं होतं. काउंट ऑसीच्या रास्ताफारी ढोलवाल्यांना घेतल्याशिवाय आपण नाचणार नाही असं तिनं आयोजकांना बजावलं होतं, असं सांगतात. ते ढोल पुढे जमैकन संगीतात किती खोल गेले, हे आपण जाणतोच. तिला वगळून लिहिलेला स्काचा इतिहास आम्ही अपुराच मानतो.

त्याच वर्षी स्कॅटलाइट्स फुटले. १९६६ च्या सुमारास चाल मंदावली, रॉकस्टेडी आलं, मग रेगे. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन स्का-पंकबद्दल आम्हाला फारसं बोलायचं नाही. वेग आहे, टोचणी नाही.

इंग्लंडचं वेगळं. १९७९ मध्ये कोव्हेंट्रीत जेरी डॅमर्सनं टू टोन रेकॉर्ड्स काढली, गोरी-काळी पोरं एकत्र वाजवू लागली. १९८१ च्या उन्हाळ्यात शहरांत दंगली पेटलेल्या असताना त्यांच्यातल्याच स्पेशल्सचं 'घोस्ट टाउन' पहिल्या क्रमांकावर होतं. बंद पडलेले क्लब, बेकार पोरं, आणि तीच मायनरमधली ब्रास. त्यात ट्रॉम्बोन वाजवणारा रिको रॉड्रिग्ज अल्फाचाच, ड्रमंडच्या हाताखाली शिकलेला.

आता ते लावतो. गाणाऱ्यांकडे सध्या लक्ष देऊ नका, ट्रॉम्बोन धरून ठेवा.