खिडकीबाहेर राहिलेले बटण

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. तेथील एका शाळेत आम्ही आम्ल, आम्लारी आणि दर्शक या घटकावरचा एक मराठी सराव-प्रोग्रॅम पाहिला. तो विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालतो, असे त्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. प्रश्न चांगले आहेत. हळदीवर चुन्याची निवळी टाकल्यास काय होईल, हे आधी विचारले जाते आणि लाल रंग नंतर दाखवला जातो. शिक्षकाला हवा तोच हा क्रम आहे. मात्र तीन संगणकांवर तीन निराळे दोष दिसले.

पहिल्यावर ‘उत्तर तपासा’ हे बटणच नव्हते. दुसऱ्यावर ‘कुंकू’ या पर्यायाचे उकार कापले जाऊन ‘कंक’ असे दिसत होते. तिसऱ्यावर खालच्या पट्टीत प्रोग्रॅमचे नाव होते, पण खिडकी कोठेच नव्हती. पहिल्या संगणकावर बसलेली मुलगी म्हणाली, “सर, माझंच काहीतरी चुकलं.” आमची टीका या वाक्यापासून सुरू होते.

माहितीपत्रकातला उपाय असा: संगणक बंद करून चालू करा, सेटिंग बदलून पाहा, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका. हे सारे एकदम केले आणि दोष गेला, तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना असे करू देत नाही. म्हणून आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली.

पहिल्या संगणकाचा पडदा १३६६ × ७६८ बिंदूंचा होता आणि अक्षरे मोठी दिसावीत म्हणून प्रमाण १२५ टक्के ठेवले होते. प्रोग्रॅमची खिडकी ७०० बिंदू उंच आखलेली. ७०० गुणिले १.२५ म्हणजे ८७५. ७६८ बिंदूंच्या पडद्यात ती मावणार कशी? प्रमाण १०० टक्के करताच बटण दिसले.

दुसऱ्या संगणकावर लिनक्स होते, प्रमाण १०० टक्केच होते. तेथे फक्त पर्यायाचे शब्द बदलून रोमन अक्षरांत लिहिले. काहीच कापले गेले नाही. म्हणजे बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली होती. देवनागरीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार व वेलांटी आणि अक्षराखाली उकार येतो, तिला ओळीची उंची अधिक लागते. त्यातच दोन प्रणालींवर निरनिराळे टंक असल्याने विंडोजवर जेमतेम बसणारा शब्द लिनक्सवर बसला नाही.

तिसरा संगणक आदल्या दिवशी प्रोजेक्टरला जोडला होता आणि प्रोजेक्टर हा उजवीकडचा दुसरा पडदा मानला गेला होता. खिडकीने आपली जागा लक्षात ठेवली. प्रोजेक्टर काढल्यावरही ती तेथेच उघडत राहिली. प्रोजेक्टर पुन्हा जोडताच ती भिंतीवर अवतरली! तो हाताशी नसेल, तर विंडोजवर ऑल्ट व स्पेसबार एकत्र दाबून ‘मूव्ह’ निवडावे आणि बाणाच्या कळीने खिडकी आत आणावी.

हे दोष नवे नाहीत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा भाषा आणली, तेव्हा एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कोठेही चालेल असे आश्वासन दिले होते. तिच्या सुरुवातीच्या साधनसंचात बटणे त्या त्या प्रणालीचीच वापरली जात, त्यामुळे त्यांची मापे बदलत. पुढे १९९८ च्या सुमारास आलेल्या ‘स्विंग’मध्ये जावा बटणे स्वतः रेखाटू लागली. तरीही पडदा आणि टंक ज्याचे त्याचेच राहिले. ‘चालतो’ आणि ‘नीट दिसतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या माहितीपत्रकाने त्या एकच मानल्या आहेत.

दोष टाळणे अवघड नाही. पायथॉनसोबत सहसा येणाऱ्या टीकेइंटरचेच उदाहरण घ्या. ‘प्लेस’ या आज्ञेने बटणाची जागा आणि माप बिंदूंत पक्के करता येते. ‘ग्रिड’ने आडव्या-उभ्या ओळी आखल्या, तर रकाने आतल्या मजकुराच्या मापाने ठरतात. शिकवण्याच्या उदाहरणांत पहिली रीत सोपी वाटते, पण सवय दुसरीची लावावी. शिवाय खिडकी उघडण्यापूर्वी ती पडद्यात मावते का आणि लक्षात ठेवलेली जागा अजून अस्तित्वात आहे का, हे तपासावे. मराठी प्रोग्रॅमची चाचणी ‘कुंकू’सारख्या शब्दाने करावी, त्यात वरचा अनुस्वार आणि खालचे उकार दोन्ही आहेत.

शिक्षकांनी संगणक-कक्षात एक वही ठेवावी. प्रणाली, पडद्याचे बिंदू, प्रमाण, टंक, प्रोजेक्टर हे पाच रकाने आखावेत आणि काय बदलले, काय दिसले याची नोंद मुलांकडूनच करून घ्यावी. ही वही निर्मात्यांना पाठवली तर प्रोग्रॅम सुधारेल. आणि तो सुधारेपर्यंत निदान त्या मुलीला कळेल की चूक तिची नव्हती, ७०० या आकड्याची होती.