अंतूरचा कडा आणि दहावे लेणे

अजिंठ्याच्या डोंगररांगेत कत्तल झालेल्या माणसांची आठवण ठेवणारे एकच दालन मला ठाऊक आहे, आणि ते कागदाचे आहे. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड निघाला, तो खानदेशाचा. संपादक जेम्स कॅम्बेल. कापूस, ज्वारी, शेतसारा, घाटरस्ते, हिवताप अशा असंख्य नोंदींच्या गर्दीत भिल्लांविषयीचा मजकूर येतो आणि त्यात जेमतेम पाच-सहा वाक्यांचा एक परिच्छेद लागतो. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत या डोंगरांतल्या भिल्लांचे काय केले गेले, हे त्यात सांगितले आहे. कंबोडियात किंवा रवांडात लोक ज्या मनाने स्मृतिसंग्रहालयाची पायरी चढतात, त्या मनाने हा परिच्छेद वाचावा अशी माझी विनंती आहे. म्हणजे घाई न करता, एकेका वाक्यापाशी थांबून.

आधी थोडी मागची हकिकत. सातमाळा-अजिंठ्याच्या घाटवाटांची राखण पूर्वापार भिल्ल नाईकांकडे होती. गावची जागल, चोराचा माग काढणे, घाटातून जाणाऱ्या मालाला सोबत देणे, या कामाबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळत. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशावरून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गावे ओस पडली, हक्क बुडाले, आणि राखणदारच डोंगरात जाऊन लुटीवर जगू लागला. लूट झाली, तिची झळ रयतेला बसली, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण त्यावर दुसऱ्या बाजीरावाच्या अधिकाऱ्यांनी जे केले त्याला बंदोबस्त म्हणता येत नाही.

आता परिच्छेद. पहिल्या वाक्यात सांगितले आहे की धामधुमीच्या मुलखात भिल्ल सापडला, की चौकशी न करता त्याला फटके मारून फासावर देत. या वाक्यात गुन्ह्याचा उल्लेखच नाही. कोण सापडला एवढे विचारायचे. काय केले, हे विचारायचे नाही. भिल्ल असणे पुरेसे होते. पुढचे वाक्य शरीरावर येते. नाक कापून, कान तोडून उन्हात टाकलेली माणसे; तापवलेल्या तोफांवर, लालबुंद लोखंडावर भाजून मारलेली माणसे. मग स्थळ येते, सगळ्या परिच्छेदातले एकमेव नाव असलेले स्थळ: अंतूर किल्ल्याजवळच्या उंच कड्यांवरून दरवर्षी शेकडो भिल्ल खाली लोटले जात.

मी या वाक्यातल्या ‘दरवर्षी’पाशी अडतो. संतापाच्या भरात एकदा घडून गेलेली गोष्ट दरवर्षी घडत नाही. दरवर्षी घडायला माणसे धरून आणणारे शिपाई लागतात, त्यांचा पगार लागतो, कैद्यांना ठेवायला जागा लागते, कड्यापर्यंत नेणारी पायवाट मळलेली लागते. पावसाळ्यानंतर मोहीम, मोहिमेनंतर कडा, असे चक्र बसलेले असावे लागते. अत्याचाराची बाकीची वर्णने वाचून अंगावर काटा येतो खरा, पण कारभार दिसतो तो या एका शब्दातून.

त्यानंतर कौलाचे वाक्य. माफी देतो असे सांगून मोठमोठ्या टोळ्या एकत्र बोलावल्या आणि त्यांची मुंडकी उडवली किंवा त्यांना तोफेच्या तोंडी दिले. मराठी मुलखात कौल ही मोठी गोष्ट होती. उजाड गावात कुणबी परत यायचा तो कौलावर, शत्रू किल्ल्याखाली उतरायचा तो कौलावर. दिलेला शब्द मोडून मारणे, याची त्या काळच्या माणसाला किती लाज वाटायला हवी होती हे वेगळे सांगायला नको. आणि शेवटी बायका-मुले. बायकांचे अवयव तोडले जात किंवा त्यांना धुराने गुदमरवले जाई, आणि मुलांना दगडांवर आपटून मारले जाई. पुरुष, मग बाई, मग मूल, असा तो परिच्छेद उतरत जातो. शेवटच्या वाक्यानंतर त्या कुळात मागे कोणी उरलेले नसते. बंडखोराला शासन करणारा मुलांपर्यंत पोचत नाही. वंश संपवायचा ठरवलेला पोचतो. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी नरसंहाराविरुद्धचा करार केला, त्यात एखादा समूह संपूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हीच कसोटी धरली आहे. या परिच्छेदातल्या कृत्यांना ती लावून पाहायला माझी हरकत नाही.

या मजकुरात उणीव आहे ती कर्त्याची. लोटले जात, भाजले जात, आपटले जात. कोणी? अंतूरच्या संदर्भात एकही नाव येत नाही. गोदावरीकाठच्या गंगथडीतल्या कत्तलींबद्दल मात्र त्याच मालिकेतल्या इतर खंडांत नावे सापडतात. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मणाने भिल्लांना कोपरगावी बोलावून घेतले, पकडले आणि विहिरींत टाकले. पुढे बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांच्या हुकमाने करंभ्याच्या नारोबा पाटलाला फौजफाटा देऊन मुलूख ‘साफ’ करायला पाठवले गेले, आणि सुमारे पंधरा महिन्यांत १५,००० माणसे मारली गेल्याचे सांगतात. ‘सांगतात’ हा शब्द गॅझेटियरचाही आहे आणि माझाही. आकडा कमी असेल, जास्त असेल. मारणाऱ्यांची दोन-तीन नावे राहिली. मेलेल्यांपैकी एकाचेही नाही.

अंतूर आज कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या रानाच्या अंगाला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांपासून पश्चिमेला, पण डोंगररांग तीच. एका बाजूने पठाराला जोडलेला, मधला खडक कापून काढलेला खंदक, बाकीच्या बाजूंनी खाली खानदेशाकडे तुटलेला कडा. दरवाज्यावर फारसी शिलालेख आहे. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीतला एक दगडी खांब उभा आहे आणि कोणती वाट कुठल्या गावाला जाते हे त्याच्यावर कोरलेले आहे. वाटसरू चुकू नये म्हणून चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी केवढी काळजी घेतली! बांधणाऱ्याची स्मृती दरवाज्यावर, वाटांची स्मृती खांबावर. कड्याकडे नेलेल्यांची स्मृती दगडात कुठेही नाही. पावसाळ्यात इथे भटके येतात, तटावर उभे राहून फोटो काढतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हा परिच्छेद लिहिणारे कोण? इंग्रज. त्यातला बराच मजकूर कॅप्टन ग्रॅहॅम या भिल्लांवर नेमलेल्या अधिकाऱ्याच्या जुन्या टिपणावरून आलेला. पेशव्यांचा अंधार जितका दाट, तितका कंपनीचा दिवा उजळ. परिच्छेद संपला की लगेच नवा अध्याय सुरू होतो: १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला, १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, त्यातली एक कन्नडला, लष्करी अधिकारी आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि डोंगर शांत झाला. १८१८ ते १८२५ या सात वर्षांत याच डोंगरांवर इंग्रजी तुकड्यांनी वस्त्या जाळल्या, सातमाळ्याच्या चिल नाईकाला फाशी दिले, त्याचा सूर त्या लेखनात निराळा लागतो. आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांवर जो गोळीबार झाला, पकडलेल्यांना जसे मारले, त्यानंतर दयाळूपणाचा तो दावा टिकत नाही.

मग हा परिच्छेद खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. कंबोडियातल्या नोम पेन्हमधल्या तुओल स्लेंगचे उदाहरण इथे उपयोगी पडते. ती मुळात एक शाळा. ख्मेर रूज राजवटीने तिचा छळतुरुंग केला, तिथे आणलेल्या हजारो माणसांचे छातीवर क्रमांक लावून फोटो काढले, आणि मोजके अपवाद सोडता सगळ्यांना मारले. १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने ती राजवट उलथवली आणि थोड्याच काळात तिथे संग्रहालय उभे राहिले. उभारणीत व्हिएतनामी अधिकारी माय लाम याचा मोठा हात होता. आपले आक्रमण न्याय्य ठरवणे, हा त्यामागे एक हेतू होताच. पण भिंतीवरचे ते चेहरे त्यामुळे खोटे ठरले नाहीत. जेत्याने आपल्या सोयीसाठी उघडलेल्या दारातूनही मेलेली माणसे बाहेर येतात. वाचणाऱ्याने दार उघडणाऱ्याचा हात ओळखावा आणि तरीही आत जावे.

तुओल स्लेंगला निदान चेहरे आहेत. रवांडात किगालीच्या स्मारकात मुलांसाठी वेगळे दालन आहे. फोटोखाली त्या मुलाचे नाव, वय, त्याला काय खायला आवडायचे, असे दोन-चार ओळींत लिहिलेले आहे. या डोंगरांत मारल्या गेलेल्या मुलाला काय आवडायचे? मोहाची फुले, करवंदे, नदीतले मासे, असे काही लिहायचा मोह मला होतो, आणि तो मी आवरतो. कल्पनेने भरलेली जागा त्या मुलाची राहणार नाही.

मात्र मारल्या गेलेल्याच्या बाजूने कसे सांगावे, हे या डोंगराला एकेकाळी येत होते. अजिंठ्याचे दहावे लेणे पाहा. लोक इथे येतात ते इंग्रज अधिकारी जॉन स्मिथचे नाव पाहायला. २८ एप्रिल १८१९ ही तारीख त्याने खांबावरच्या चित्रात खरडली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा भराव होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर दिसते. त्या महिन्यांत शेजारच्या घाटांत भिल्लांच्या पाठीवर शिपाई होते. पुढच्या वर्षांत इथे येणाऱ्या साहेबांना वाघाइतकीच भिल्लांची भीती घातली जाई. त्या खांबावरून नजर काढून उजव्या भिंतीकडे वळा. चित्रे फार झिजली आहेत, काळवंडली आहेत, पण दोन कथा ओळखता येतात. दोन्ही रानात झालेल्या हत्येच्या आहेत.

एक श्याम जातक. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला गेलेल्या मुलाला राजाचा बाण लागतो. आपल्याकडे श्रावणबाळ म्हणून प्रत्येक घरात पोचलेल्या कथेचे हे बौद्ध भावंड. चित्रकाराने बाण सुटतो तो क्षण रंगवला आहे, पण गोष्ट तिथे तोडलेली नाही. राजा स्वतः त्या आईबापांपाशी जातो आणि मी मारले असे सांगतो. कर्ता नाहीसा होत नाही. तो चालत येतो, तोंड उघडतो, आणि आईबापांचा आक्रोश त्याला उभ्याने ऐकावा लागतो.

दुसरी षड्दंत जातकाची. सहा सुळ्यांच्या गजराजाला मारून सुळे आणा, असा हुकूम राणीचा. शिकारी रानात जातो, विषारी बाण मारतो, आणि मरता मरता हत्तीच त्याला सुळे काढून देतो. रेखाटन असे, की हत्तींचा कळप, वडाची सावली, पाणी यांत जागा भरून टाकलेली; मेला त्याचे घर आपल्याला आधी नीट दिसते, मग मारणारा दिसतो. पण मला या चित्राचे सगळ्यात मोठे शहाणपण पुढच्या प्रसंगात वाटते. शिकारी रानातच राहत नाही. तो सुळे दरबारात आणून ठेवतो, आणि ते पाहून हुकूम देणारी राणी दासींच्या हातांवर कोसळते. रानात काय घडले ते राजवाड्याने पाहिलेच पाहिजे, असा चित्रकाराचा आग्रह आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला ठाऊक होते की शिकाऱ्यापाशी थांबून चालत नाही.

गॅझेटियरच्या परिच्छेदात घर नाही आणि दरबार नाही. मधला बाण तेवढा आहे. म्हणून मी त्याला अपुरे दालन म्हणतो, आणि म्हणूनच तो दहाव्या लेण्यातल्या भिंतीच्या शेजारी ठेवून वाचावा असे मला वाटते. ‘भिल्लांचा बंदोबस्त’ एवढ्या दोन शब्दांत आपल्या लेखनात हा काळ अनेकदा मिटवला जातो. हुकूम देणारे मराठी बोलत होते, मोडीत लिहीत होते, आपल्याच गावांचे पाटील आणि सरसुभेदार होते. स्वराज्याचा अभिमान असलेल्या माणसाला हे म्हणायला जड जाते. मलाही जाते. पण सुळे दरबारात आले पाहिजेत.

अंतूरला निदान एक फलक लागावा. मराठीत असावा, भिल्लीत असावा. किल्ला कोणी बांधला यासोबत त्याच्यावर लिहावे, की पेशवाईच्या अखेरीस या कड्यावरून शेकडो भिल्ल लोटले गेले आणि त्यांच्या बायका-मुलांनाही मारले गेले. ही माहिती इंग्रजांनी नोंदवली आणि ती नोंदवण्यात त्यांचा स्वार्थ होता. मेलेल्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. मजकूर ठरवताना कन्नड, सोयगाव, चाळीसगावच्या भिल्ल वस्त्यांतल्या लोकांना आधी विचारावे, कारण काय लिहायचे आणि फलक कड्याच्या नेमक्या कोणत्या टोकाला लावायचा, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.