बंद दारापुढची श्रद्धा

ज्या घरी मयत झाली आहे तेथे जाऊन काय बोलावे, हा धर्मगुरूपुढचा जुना प्रश्न आहे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्या ओठांवर फार लवकर येतात. ते खोटे नसतात; पुष्कळदा अवेळी असतात. सी. एस. लुईस यांचे ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ हे छोटेखानी पुस्तक वाचताना हे प्रकर्षाने जाणवते.

लुईस हे अँग्लिकन पंथाचे, इंग्रजी साहित्याचे नामवंत प्राध्यापक. १९४० साली त्यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ हा ग्रंथ लिहून दुःखाच्या प्रश्नाची बौद्धिक उकल केली. ग्रंथ भक्कम आहे. धैर्य शिकविण्याची आपली योग्यता नाही, हेही त्यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे नमूद केले. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्यांनी जॉय डेव्हिडमन या अमेरिकन कवयित्रीशी विवाह केला. तिला हाडांचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते, आणि १९५७ मध्ये इस्पितळातील खाटेपाशी धर्मविधीने लग्न लागले. १३ जुलै १९६० रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ती निवर्तली. त्यानंतर वह्यांत उतरविलेली टिपणे १९६१ साली पुस्तकरूपाने निघाली, तीही टोपणनावाने. १९६३ साली लुईस वारले आणि मगच त्यांचे खरे नाव मुखपृष्ठावर आले.

श्रद्धेचा एवढा मोठा समर्थक या पानांत देवाशी भांडतो. सुखात असताना देव जवळ वाटतो. निकराच्या घटकेला त्याच्याकडे धाव घ्यावी तर दार बंद, आतून कडी घातलेली, अशी त्यांची तक्रार आहे. देव नाहीच, ही भीती त्यांना शिवत नाही. देव आहे आणि तो क्रूर आहे, या भयाने ते व्याकुळ होतात. काही भाविकांना हे वाचवणार नाही. परंतु पवित्र शास्त्राला ही भाषा परकी आहे काय? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. देवाची वकिली करणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनाच शेवटी देवाचा ठपका बसतो. मार्था प्रभूला गाठून ‘उशीर केलात’ अशा अर्थाचे बोलते. तेथे प्रभू तिला गप्प बसवीत नाही, आणि पुढे कबरेकडे जाताना स्वतःच रडतो.

लुईस यांची तक्रार एखाद्या युक्तिवादाने मिटत नाही, यातच या पुस्तकाचे खरेपण आहे. एके दिवशी मन किंचित हलके होते आणि जॉय त्यांना अधिक स्पष्ट आठवू लागते. बुडणारा माणूस घट्ट मिठी मारतो म्हणूनच त्याला वाचविता येत नाही. आपल्या आक्रोशानेच तर दार बंद राहिले नव्हते ना, अशी शंका त्यांना येते. उत्तर मिळतच नाही. पण आता त्या मौनात नकार उरलेला नाही.

एक उणीव मात्र खटकते. हा शोक फार एकटा आहे. शेजारी बुजतात, मुले संकोचतात, लुईस वहीशी बोलतात. आपल्याकडे मयताच्या घरी रोझरीला जमणारी माणसे, महिन्याची मिस्सा, २ नोव्हेंबरला कबरीवर लागणाऱ्या मेणबत्त्या, यांची किंमत हे पुस्तक वाचून अधिक कळते. मृतांसाठी प्रार्थना करणे लुईस यांना मान्य होते, हे त्यांच्या नंतरच्या लेखनावरून दिसते. येथे तो धागा जेमतेम हाती लागतो. तरी आपण आधी स्वतःचा, मग तिचा आणि शेवटी देवाचा विचार केला, हा क्रम उलटा झाला, हे त्यांनीच ओळखले आहे. मृतासाठी मिस्सा सांगणारी साधी विधवा तो क्रम न बोलता सुधारते.

हे पुस्तक अंत्यविधीच्या आठवड्यात कोणाच्या हाती देऊ नये. महिन्याची मिस्सा होऊन पाहुणे आपापल्या घरी परतले, की मग द्यावे.