पहिल्या जोडीचे डाव

वजनाने भारदस्त असलेल्या मल्लाविषयी आपल्या मुलखात एक जुनी समजूत आहे, की त्याला फार डाव येण्याचे कारण नाही. एक हुकमी डाव आणि त्यामागे मणामणाची ताकद असली, की मैदान त्याचेच. इचलकरंजीच्या व्यंकोबा मैदानात हलगीच्या ठेक्यावर पहिल्या जोडीची कुस्ती लागते, तेव्हा गर्दीत बसलेला मागावरचा कामगारदेखील ‘हा आता घिस्सा मारणार’ असे आधीच सांगून मोकळा होतो, आणि पुष्कळदा त्याचे भाकीत खरे ठरते. प्रेक्षकांना याचे कौतुक वाटते. मला मात्र आजच्या वजनदार कुस्तीच्या दैन्याचे मूळ त्यातच दिसते.

हे दैन्य मल्लाच्या आळसातून आलेले नाही. शंभर-सव्वाशे किलोच्या गड्याला तालमीत आपल्या तोडीचा जोडीदार क्वचितच लाभतो. वस्ताद त्याच्या अंगावर पाळीपाळीने हलकी पोरे सोडतात; ती दमेपर्यंत झुंजतात, पण त्याने मानेवर हात टाकून नुसते खाली ओढले की हौद्यात लोळतात. पहिल्याच डावात काम भागले, तर दुसरा डाव शिकण्याची गरज कोणाला भासणार? हलक्या वजनाच्या मल्लाला ही चैन परवडत नाही. खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथमच गादीवर उतरले आणि सहावे आले. पुढच्या चार वर्षांत त्यांनी त्या परक्या पृष्ठभागाचा अभ्यास केला, तेव्हा 1952 साली हेलसिंकीचे कांस्यपदक हाती आले.

तरीही वजन आणि वैविध्य यांचे हाडवैर आहे असे मानू नये, याची दोन थोर प्रमाणे आपल्याच भागात आहेत. 1962 सालच्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी त्यांच्या खालच्या गटात नेमके उलट, म्हणजे फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकले. या पदकांचे मोल समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावण्याची वा पाय गुंतवण्याची सक्त मनाई असते, आणि आपल्या मातीतल्या कुस्तीचा निम्मा जीव तर पट व टांग यांत, म्हणजे पायांतच आहे. पाय काढून घेतल्यावरही जो मल्ल छातीला छाती भिडवून प्रतिस्पर्ध्याला उचलू शकतो, आणि पाय परत मिळताच पटाला झेपावतो, त्याच्या अंगी डावांच्या संख्येपलीकडची काही विद्या मुरलेली असते. तीच विद्या आंदळकरांनी पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून कैक पोरांच्या अंगी उतरवली. त्यांच्यानंतर दादू चौगुल्यांनी 1974 साली ख्राइस्टचर्चला राष्ट्रकुलाचे रौप्य आणले आणि हरिश्चंद्र बिराजदारांनी 1977 साली बेळगावात दिल्लीच्या सतपालला हरवले. हे दोघेही कोल्हापूरच्या तालमींचेच फळ.

मुष्टियुद्धाच्या जगातही हीच कथा दिसते. जॉर्ज फोरमनने फ्रेझर व नॉर्टन या दोन मातब्बरांना दोन-दोन फेऱ्यांत गारद केले होते. पण 1974 साली किन्शासात महंमद अली दोरांना रेलून त्याचे ठोसे झेलत राहिला, आणि आठव्या फेरीत दमलेला फोरमन कोसळला. हुकमी अस्त्र निष्फळ ठरल्यावर काय करावे, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. तोच फोरमन 1994 साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, डाव्या हाताने शांतपणे अंतर राखत, संधीची वाट पाहत पुन्हा विश्वविजेता झाला. वजनदार माणूसही बदलू शकतो, याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

आता आपल्या महाराष्ट्र केसरीकडे वळू. माती आणि गादी अशा दोन विभागांचे विजेते अंतिम लढतीत भिडावेत, हा या स्पर्धेचा दस्तूर मला मनापासून मान्य आहे. पण त्याने एक जुने दुखणे उघडे केले. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेखवर महेंद्र गायकवाडने बाहेरची टांग लावली आणि तिचे चार गुण द्यावेत की नाही यावर महाराष्ट्रभर वाद माजला. मातीच्या मूळ रिवाजात तो प्रश्नच उद्भवला नसता. पाठीला माती लागली तर कुस्ती निकाली, नाही तर चालू. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केले. झोळी हा देखणा डाव आहे आणि त्या दिवशी तो बिनतोड बसला, यात शंका नाही. परंतु मल्लाचे दुसरे, तिसरे आणि चौथे उत्तर पाहण्याची संधी अशा कुस्तीत मिळत नाही. गादीचे दोन तीन-तीन मिनिटांचे भाग गुण राखायला शिकवतात, माती दम राखायला शिकवते. आमचे बहुतेक जड मल्ल यांतले एकच काहीतरी शिकून येतात.

म्हणून इचलकरंजीच्या मैदानाचा बंदोबस्त पाहणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे, की पहिल्या जोडीचे इनाम वाढवण्याआधी त्या रकमेतला काही हिस्सा जवळच्या तालमींत शंभर किलोवरील चार-पाच पोरांना एकत्र ठेवण्यावर, त्यांच्या खुराकावर आणि मातीच्या हौद्याशेजारी एक बरी गादी अंथरण्यावर खर्चावा. त्यांना एकमेकांशीच लढू द्यावे, आज मातीत आणि उद्या गादीवर.